किल्लारीचे ऋण : संकटातल्या लोकसेवकाचे आभार कसे मानावेत

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून उशिरा घरी आलेली माणसे गाढ झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ५२ गावे जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाली. शासकीय नोंदीनुसार ७,९२८ माणसे दगावली आणि सुमारे १६ हजार जखमी झाली. हजारो जनावरेही ढिगाऱ्याखाली गेली.

या आपत्तीनंतर मराठवाड्यात जे काम झाले, त्याच्याशी काही नावे कायमची जोडली गेली. लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी हे त्यांपैकी एक; राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार हे दुसरे. संकटात पुढे उभ्या राहिलेल्या लोकसेवकाबद्दल समाजाला कृतज्ञता वाटते, आणि ती व्यक्तही व्हावीशी वाटते. पण आभार मानायचे तर ते नेमके कशाचे, हे आधी कळायला हवे. ‘फार मोठे काम केले’ एवढ्याने काम समजत नाही. काम समजले नाही तर पुढच्या संकटात ते पुन्हा कसे करायचे, हेही समजत नाही. म्हणून किल्लारीच्या काळात प्रशासनाने काय केले, त्यात कुणाकुणाचा वाटा होता आणि त्याची परतफेड समाज कोणत्या मार्गाने करू शकतो, हे क्रमाने पाहणे उपयोगाचे आहे.

संकट कसे होते

भूकंपशास्त्राच्या दृष्टीने किल्लारीचा भूकंप हा फार मोठ्या तीव्रतेचा नव्हता. रिश्टर मापनावर त्याची नोंद ६.४ अशी झाली. पण त्याचे केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते आणि वर दाट वस्तीची गावे होती. शिवाय दख्खनच्या पठाराचा हा भाग त्या वेळच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता. १९९२ साली किल्लारी परिसरात धक्क्यांची मालिका झाली होती, लोकांनी काही रात्री अंगणात काढल्या होत्या. धक्के थांबल्यावर माणसे पुन्हा घरात झोपू लागली.

खरा घात घरांनी केला. मराठवाड्यातील जुने घर म्हणजे दगड आणि मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती व वर माळवद. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर पालापाचोळा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी गळती थांबवण्यासाठी दरवर्षी नवी माती टाकली जाई, त्यामुळे छपराचे वजन वाढत जाई. उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब देणारे हे घर पिढ्यान्‌पिढ्या टिकले होते. पण गोल दगड मातीत बसवून उभारलेल्या भिंतींना आडवा धक्का सोसत नाही. भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि वरची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. ऐपतदार घरांचे माळवद अधिक जड, त्यामुळे तिथेही माणसे वाचली नाहीत; कुडाच्या झोपडीत राहणारी काही कुटुंबे मात्र बचावली.

अशी घरे फक्त किल्लारीत नव्हती. लातूरच्या जळकोट-उदगीर भागाला लागून असलेल्या मुखेड तालुक्यात, नांदेडच्या इतर डोंगराळ भागात, बीड आणि परभणीतही गावोगावी हीच रचना होती. म्हणूनच त्या पहाटेनंतर संपूर्ण मराठवाड्यातील माणूस आपल्याच घराच्या भिंतींकडे भीतीने पाहू लागला, आणि प्रशासनापुढचा प्रश्न ५२ गावांच्या बाहेर पसरला.

पहिले तास, पहिले दिवस

लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेतून वेगळा झाला. भूकंप झाला तेव्हा या जिल्ह्याचे प्रशासन जेमतेम ११ वर्षांचे होते. अशा आपत्तीसाठी लागणारी वेगळी यंत्रणा तेव्हा देशात कुठेच नव्हती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल नव्हते, आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा नव्हता, मोबाइल फोन नव्हते. जिल्हाधिकाऱ्याच्या हाती होते ते महसूल खाते, पोलीस, आरोग्य विभाग, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि माणसांना हाक देण्याची ताकद.

पहाटेच्या अंधारात पहिली मदत गावकऱ्यांनीच गावकऱ्यांना केली. हातांनी, फावड्यांनी, पहारींनी माती उपसली गेली. सरकारी यंत्रणा पोहोचू लागली तेव्हा तिच्यासमोर एकाच वेळी अनेक कामे आली. जिवंत असलेल्यांना ढिगाऱ्यातून काढायचे. जखमींना लातूर, उमरगा आणि सोलापूरच्या रुग्णालयांत हलवायचे. मृतदेहांवर अंत्यसंस्कार करायचे. वाचलेल्यांना पाणी आणि अन्न द्यायचे. त्यात पाऊस आला. बघ्यांची आणि मदत घेऊन येणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की रुग्णवाहिकांना रस्ता मिळेना. लष्कराच्या आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकड्या दाखल झाल्या, तेव्हा शोधकार्याइतकेच वाहतूक सुरळीत करणेही निकडीचे ठरले होते.

मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी मुंबईहून निघून भूकंपग्रस्त भागात पोहोचले. राज्याच्या प्रमुखाने स्वतः जागेवर असण्याचा फायदा निर्णयांच्या वेगात दिसतो. एरवी मंत्रालयातील अनेक टेबलांवरून फिरणारी मंजुरी तिथल्या तिथे मिळते, आणि एका खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याला वाव राहत नाही. जिल्हाधिकारी परदेशी यांच्यावर या सगळ्याचा रोजचा मेळ घालण्याची जबाबदारी आली. आलेल्या मदतीचे ट्रक कोणत्या गावी जावेत, कुठे औषधे कमी आहेत, कुठे कपड्यांचा ढीग पडला आहे पण पाण्याचा टँकर नाही, याची खबर सतत मिळत राहिली तरच मदत योग्य ठिकाणी पोहोचते. मराठवाड्यातल्या गावोगावातून भाकरीच्या शिदोऱ्या येत होत्या, देशभरातून संस्था येत होत्या. त्या सद्‌भावनेला दिशा देणे हे त्या दिवसांतले जिल्हाधिकाऱ्याचे सर्वांत अवघड काम होते.

याद्या, पंचनामे आणि न दिसणारे श्रम

आपत्तीच्या बातम्यांत हेलिकॉप्टर दिसते, मंत्री दिसतात. पण भूकंपग्रस्ताला मदत मिळते ती एका कागदामुळे. मृतांची यादी, जखमींची यादी, पडलेल्या घराचा पंचनामा, वारसाची नोंद, हे सगळे गावपातळीवर तयार होते. हे काम तलाठी, ग्रामसेवक आणि मंडळ अधिकारी करतात. त्यांच्या मदतीला कोतवाल, पोलीस पाटील आणि शाळेचे गुरुजी असतात.

किल्लारीसारख्या आपत्तीत हे काम किती कठीण होते, याची कल्पना सहज येत नाही. घराची हद्द दाखवायला भिंत उरलेली नसते. काही घरांत नाव सांगायलाही कोणी उरलेले नसते. एकाच नावाची दोन माणसे गावात असतात आणि त्यांतला कोण गेला, हे शेजाऱ्यालाच माहीत असते. रेशनकार्ड, मतदारयादी, सातबारा आणि गावाची आठवण यांचा ताळा घालून माणूस आणि त्याचा हक्क ठरवावा लागतो. त्यात चूक झाली तर खऱ्या वारसाची मदत दुसऱ्याच्या हाती जाते. शिवाय गावातले हे कर्मचारी त्याच गावात राहणारे. त्यांच्यावरही तीच वेळ आलेली होती, आणि त्यांनाच इतरांचे नुकसान मोजायचे होते.

म्हणून आभारांचा विचार करताना जिल्हाधिकाऱ्याचे नाव घ्यावे आणि त्याबरोबरच या फळीचेही स्मरण ठेवावे. वरिष्ठ अधिकाऱ्याचा निर्णय कितीही चांगला असला तरी तो अमलात येतो तो तलाठ्याच्या सज्जातील गावात. आरोग्य केंद्रातील परिचारिका, एसटीचा चालक, तारा जोडणारा वीज मंडळाचा वायरमन, ढिगाऱ्यातून देह काढणारा जवान, ही माणसे नंतर कोणत्याही मानपत्रात दिसत नाहीत.

पुनर्वसन : निर्णयाचा दुसरा आणि लांबचा टप्पा

पहिल्या काही आठवड्यांचे धैर्य सर्वांना दिसते. पुढच्या काही वर्षांची चिकाटी फार थोड्यांना दिसते. किल्लारीतला नेतृत्वाचा खरा कस पुनर्वसनात लागला.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ साली महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. त्यात नुकसानीनुसार गावांची वर्गवारी केली गेली. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे ‘अ’ वर्गात आली. ती नव्या जागी वसवायची ठरले. ‘ब’ वर्गातील २२ गावांची पुनर्बांधणी आहे त्या जागीच करण्यात आली. ‘क’ वर्ग सर्वांत मोठा होता. एकूण १३ जिल्ह्यांतील तडे गेलेल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण त्यात होते, आणि घरांची संख्या दोन लाखांच्या घरात होती.

स्थलांतरित गावांत घराचा आकार कुटुंबाच्या जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० चौरस फूट आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. या नियमामागे जुन्या गावातील वाड्यांचा आणि गोठ्यांचा विचार होता, पण त्यामुळे जुनी विषमता नव्या गावाच्या आखणीतही उतरली. भूमिहीन कुटुंबाला मात्र प्रथमच स्वतःच्या नावाचे पक्के घर मिळाले, हीही त्याच नियमाची दुसरी बाजू आहे.

कागदावरची योजना लोकांची व्हावी म्हणून लोकसहभागाला जागा देण्यात आली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या संस्थेची या कामात मदत घेतली गेली. दुरुस्तीच्या कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. घराला पट्टा कसा बांधायचा, दगडी भिंतीत आरपार जाणारा दगड का बसवायचा, माळवदावरची माती का कमी करायची, अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, हे या बाया घरोघरी जाऊन सांगू लागल्या. एरवी गवंड्याशी बोलणी करण्याचा मान पुरुषांकडे असे. इथे घरमालकीण स्वतः बांधकाम तपासू लागली. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या महिला गुजरातेत गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या.

मुलांचा प्रश्न वेगळा होता. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची आणि निवासाची जबाबदारी घेतली. शासनाने अशा संस्थांना वाट करून दिली आणि त्यांच्याशी समन्वय ठेवला. सगळे आपणच करायचे असा हट्ट नसणे, हाही चांगल्या प्रशासनाचा गुण आहे.

जे साधले नाही, तेही सांगायला हवे

कृतज्ञतेत डोळे झाकण्याची गरज नसते. किल्लारीच्या पुनर्वसनावर योग्य टीका झालेली आहे आणि तिची नोंद ठेवणे हा त्या कामाचा अपमान नाही.

नवी गावे शहरातील वसाहतीसारखी सरळ रस्त्यांच्या चौकटीत आखली गेली. जुन्या गावात भावकी एका गल्लीत राहत होती, आलुतेदार-बलुतेदारांची घरे ठरलेल्या जागी होती, मारुतीच्या पारावर संध्याकाळी माणसे भेटत. नव्या गावात अंतरे वाढली, शेजार बदलला. गुरे बांधायला, कडबा ठेवायला, धान्य वाळवायला जागा अपुरी पडली. अनेक कुटुंबांनी नंतर आपल्या सोयीने घरांना भर घातली, आणि ही भर प्रत्येक वेळी भूकंपरोधक पद्धतीने घातली गेली असे नाही. विस्तारलेल्या गावांना पाणी, रस्ते आणि दिवे पुरवताना ग्रामपंचायतींची ओढाताण झाली. भूकंपग्रस्तांना शासकीय नोकरीत दोन टक्के समांतर आरक्षण मिळाले, परंतु तरुणांच्या संख्येपुढे ते अपुरे वाटत राहिले.

या त्रुटींमुळे पुढच्या आपत्तींत धोरण बदलले. कच्छनंतर घरमालकाने स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या देखरेखीखाली बांधकाम करावे आणि शासनाने पैसा व तांत्रिक मार्गदर्शन द्यावे, या पद्धतीवर अधिक भर आला. किल्लारीच्या दुरुस्ती कार्यक्रमाने हीच वाट आधी दाखवली होती.

कृतज्ञतेचे रूढ मार्ग

मराठी समाजात सत्काराची पद्धत ठरलेली आहे: शाल, श्रीफळ, फेटा, मानपत्र. किल्लारी परिसरातही आभार मानले गेले. दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत स्मृतिस्तंभाजवळ मृतांना आदरांजली वाहिली जाते. भूकंपाला ३० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, २०२३ साली, किल्लारीत शरद पवार यांच्याप्रती कृतज्ञता सोहळा झाला. तीन दशकांत राज्यात अनेक सरकारे आली आणि गेली. तरीही त्या दिवसांची आठवण ठेवून लोक जमले.

निवडून आलेल्या नेत्याचा जाहीर सत्कार करण्यात अडचण नसते. सरकारी अधिकाऱ्याच्या बाबतीत मात्र नियम आहेत, आणि ते सामान्य नागरिकाला क्वचितच माहीत असतात. भारतीय प्रशासकीय सेवेसह अखिल भारतीय सेवांतील अधिकाऱ्यांना १९६८ चे वर्तणूक नियम लागू आहेत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम आहेत. शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय अधिकाऱ्याने मानपत्र स्वीकारू नये किंवा स्वतःच्या सन्मानार्थ भरवलेल्या सभेला जाऊ नये, हे या नियमांमागचे सूत्र आहे. बदली किंवा निवृत्तीच्या वेळचा घरगुती स्वरूपाचा निरोप समारंभ आणि सार्वजनिक संस्थांनी केलेला साधा, कमी खर्चाचा कार्यक्रम यांना मोकळीक असते. भेटवस्तूंवरही मर्यादा आहेत.

हे नियम रुक्ष वाटतात, पण त्यांचे कारण सरळ आहे. आज ज्याचा सत्कार केला, त्याच्याच टेबलावर उद्या सत्कार करणाऱ्याची फाईल येऊ शकते. आभार आणि उपकार यांतली रेघ पुसली गेली तर गरीब माणूस मागे राहतो, कारण त्याच्याकडे शालही नसते आणि व्यासपीठही नसते.

नियमांत राहून आभार मानण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. ग्रामसभेला अभिनंदनाचा ठराव मंजूर करून त्याची प्रत वरिष्ठ कार्यालयाला पाठवता येते. हा ठराव गावाच्या कायम नोंदीत राहतो आणि अधिकाऱ्याच्या कामाची दखल योग्य ठिकाणी पोहोचते. ठरावात नेमके काम लिहिलेले असले तर त्याचे मोल वाढते: पुराच्या रात्री कोणत्या वेळी बोट आली, कोणत्या वस्तीतून माणसे बाहेर काढली, पंचनामे किती दिवसांत झाले. देशपातळीवर २१ एप्रिल हा नागरी सेवा दिन पाळला जातो. १९४७ साली याच दिवशी सरदार वल्लभभाई पटेल यांनी दिल्लीत प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांना मार्गदर्शन केले होते. उत्कृष्ट प्रशासनासाठीचे पंतप्रधानांचे पुरस्कार याच दिवसाशी जोडलेले आहेत.

आभाराचा आणखी एक प्रकार समाजाच्या हाती नसून राज्यकर्त्यांच्या हाती असतो: अनुभवी माणसाला पुढची जबाबदारी देणे. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी आपत्ती व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय समितीचे उपाध्यक्षपद विरोधी पक्षातील शरद पवार यांच्याकडे सोपवले. त्यामागे किल्लारीचा अनुभव होता. प्रवीणसिंह परदेशी यांनीही पुढे राज्याच्या प्रशासनात वरिष्ठ पदे सांभाळली आणि मुंबई महापालिकेचे आयुक्त म्हणून काम केले. संकटात मिळालेले शहाणपण एका जिल्ह्यापुरते न राहता पुढे कामी येणे, ही त्या कामाची सर्वांत उपयुक्त पावती आहे.

दुष्काळ, पाणी आणि पूर : तीच कसोटी

किल्लारीनंतर या भागावर वेगळ्या प्रकारची संकटे आली. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला पाणी उरले नाही. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदीचे आदेश काढावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, म्हणजे सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास टाक्यांची गाडी सुरू झाली. तेव्हा पांडुरंग पोले लातूरचे जिल्हाधिकारी होते. गाडी स्थानकात आल्याचे छायाचित्र सगळीकडे झळकले. पण गाडीतले पाणी उतरवून घेणे, ते साठवणे, शुद्ध करणे आणि टँकरने वॉर्डावॉर्डांत पोहोचवणे, ही साखळी आधी तयार नसती तर गाडीचा उपयोग झाला नसता. मिरजेत पाणी भरणारे, रेल्वेचे कर्मचारी आणि लातूर महापालिकेचे कामगार या साखळीचे दुवे होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संकट मुखेडच्या दारात आले. १७ आणि १८ ऑगस्टच्या दरम्यान मुखेड परिसरात दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. लेंडी धरणात पाण्याचा मोठा लोंढा आला आणि रावनगाव, भासवाडी, भिंगेली, हसनाळ या गावांना पाण्याने वेढले. माणसे घरांत आणि छतांवर अडकली, काहींचे प्राण गेले, जनावरे वाहून गेली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाने बचावकार्य केले आणि लष्करालाही पाचारण करण्यात आले. १९९३ आणि २०२५ यांतला फरक इथे दिसतो. आता प्रतिसाद दल आहे, जिल्ह्यात नियंत्रण कक्ष आहे, पावसाचा इशारा हातातल्या फोनवर येतो. तरीही शेवटच्या वस्तीपर्यंत इशारा वेळेवर पोहोचणे आणि माणसांनी घर सोडण्यास तयार होणे, हे आजही गावातल्या कर्मचाऱ्यावर आणि त्याच्यावरील विश्वासावर अवलंबून आहे. लेंडी हा आंतरराज्य प्रकल्प आहे आणि त्याच्या बुडित क्षेत्रातील पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळलेला आहे. अशा ठिकाणी संकटाआधीचे काम संकटातील धावपळीपेक्षा अधिक जीव वाचवते.

चांगले नेतृत्व ओळखायचे कसे

या सर्व अनुभवांतून संकटकाळातील लोकसेवकाची पारख करण्याच्या काही खुणा हाती लागतात. पहिली खूण उपस्थितीची. अधिकारी जागेवर आहे, हे कळले की लोकांचा धीर टिकतो आणि हाताखालची यंत्रणा हलते. दुसरी खूण निर्णयाची. अपुरी माहिती हातात असताना निर्णय घ्यावा लागतो, आणि तो चुकला तर त्याची जबाबदारी स्वतःवर घ्यावी लागते. कनिष्ठावर ती ढकलणारा अधिकारी पुढच्या वेळी एकटा पडतो. तिसरी खूण कामाच्या वाटणीची. सगळे स्वतः करू पाहणारा माणूस दोन दिवसांत थकतो. कामे नेमून देणारा दोन महिने टिकतो. चौथी खूण ऐकण्याची. किल्लारीत दुरुस्तीचा कार्यक्रम लोकांच्या घरात पोहोचला तो संवाद सहायक महिलांमुळे. शेवटची खूण मात्र वर्षांनंतर दिसते: अधिकारी बदलून गेल्यावरही काम चालू राहिले का.

या खुणा लक्षात घेऊन आभार मानले तर चमकोगिरी आणि खरी सेवा यांतला फरक समाजाला कळतो. कॅमेऱ्यासमोर पुरात उतरणारा आणि पूर ओसरल्यावर पंचनामे वेळेत संपवणारा, या दोघांपैकी दुसऱ्याचे नाव बहुधा कोणी घेत नाही. ते घेतले जाणे गरजेचे आहे.

ऋण फेडण्याची रीत

किल्लारीनंतर महाराष्ट्राने आपत्तीची तयारी हा प्रशासनाचा नेहमीचा विषय मानला. जिल्हावार आराखडे तयार झाले, नियंत्रण कक्ष उभे राहिले. २००५ साली देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा आला आणि त्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन केले. १९९३ साली लातूरच्या जिल्हाधिकाऱ्याला जे स्वतःच्या समयसूचकतेवर उभे करावे लागले, त्याला आता कायद्याचा आधार आहे.

या व्यवस्थेला जिवंत ठेवणे हे आता लोकांच्याही हाती आहे. गावाचा आपत्ती आराखडा ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून राहतो की ग्रामसभेत वाचला जातो, हे गावानेच ठरवायचे असते. पूररेषेत नवे घर बांधू न देणे, जुन्या माळवदाच्या घराची वेळेवर दुरुस्ती करणे, नवे बांधकाम करताना कोपऱ्यांना आणि भिंतींना भूकंपरोधक पट्टे देणे, शाळेत वर्षातून एकदा सराव घेणे, यांसाठी गावाला मोठ्या निधीची वाट पाहावी लागत नाही. तलाठी, आशा कार्यकर्ती आणि पोलीस पाटील यांनी दिलेला इशारा गांभीर्याने घेणे हेही त्यातच आले. लोकसेवकाने संकटात केलेले काम अर्धे त्याचे असते आणि अर्धे त्याला साथ देणाऱ्या समाजाचे.

कृतज्ञतेचे तीन भाग मग स्पष्ट होतात. काम करणाऱ्याचे काम नेमकेपणाने नोंदवावे, वरिष्ठाचे तसेच कोतवालाचेही. आभार नियमांच्या चौकटीत, ठरावाने आणि पत्राने, उघडपणे मानावेत. आणि त्या कामातून जी व्यवस्था उभी राहिली ती ढासळू देऊ नये. किल्लारीच्या ढिगाऱ्यांतून माणसे काढणाऱ्यांनी, याद्या लिहिणाऱ्यांनी आणि नवी गावे उभारणाऱ्यांनी मराठवाड्याला जे दिले, त्याचे ऋण मुखेडपासून उमरग्यापर्यंतच्या प्रत्येक गावावर आहे. पुढच्या संकटात कमी माणसे दगावली, तर ते ऋण फेडले असे म्हणता येईल.